बारा जानेवारीचा चौकोन

आमच्या मेहकरच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असतं. एका तारखेचा चौकोन फार तर तीन बोटं रुंद. त्यात बायको दुधाचा हिशेब लिहिते. दीड लिटर घेतलं की '१॥', गवळी आला नाही की फुली. 'गॅस लावला' हेही तिथेच आणि 'लाइट बिल' हेही तिथेच. जानेवारीच्या पानावरचा १२ चा चौकोन मात्र छापून येतानाच भरलेला असतो. राजमाता जिजाऊ जयंती, स्वामी विवेकानंद जयंती, राष्ट्रीय युवा दिन. दुधाला जागा उरते ती नखाएवढी.

परवा भाची आली होती. नववीत आहे. चौकोन वाचून म्हणाली, "मामा, दोघं एकाच दिवशी जन्मले? तीनशेपासष्ट दिवसांतून नेमका हाच? केवढा योगायोग!"

मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. त्यामुळे असं वाक्य कानावर पडलं की हात आपोआप खडू शोधतो. खडू नव्हता, म्हणून दुधाचं पेन घेतलं.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून. २०११ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या होती २५,८६,२५८. वाढदिवस वर्षभर सारखे पसरलेत असं धरलं, तर प्रत्येक तारखेच्या वाट्याला सुमारे ७,०८५ माणसं येतात. म्हणजे सिंदखेडराजात जिजाऊंच्या जन्मस्थानी लोक नतमस्तक होत असतात, त्या सकाळी एकट्या आपल्या जिल्ह्यातच सातेक हजार घरांत 'आज माझा पण वाढदिवस' म्हणणारं कुणी ना कुणी असतं. जगाची लोकसंख्या आज ८०० कोटींच्या पुढे आहे, म्हणजे दर तारखेला सव्वादोन कोटींच्या आसपास वाढदिवस.

इथवर भाचीने मान डोलावली. हा साधा भागाकार होता. गंमत पुढे आहे. एकाच तारखेला जन्मलेली दोन माणसं म्हणजे एक जोडी. ७,०८५ माणसांतून अशा जोड्या निघतात अडीच कोटींहून थोड्या जास्त. हे एका तारखेचं झालं. ३६५ तारखांच्या मिळून जोड्या होतात ९१६ कोटी. पृथ्वीवर तेवढी माणसंसुद्धा नाहीत. तेरा तालुक्यांच्या एका जिल्ह्यात, मलकापूरपासून लोणारपर्यंत, 'तुझा माझा वाढदिवस एकच' असं म्हणता येतील अशा जोड्या जगातल्या एकूण माणसांपेक्षा जास्त आहेत. योगायोग दुर्मीळ असतो, ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही.

"पण मामा, तो सगळा जिल्हा झाला. थोर माणसं थोडीच असतात."

बरोबर. मग थोडीच घेऊ. एसटीत तेवीस प्रवासी बसलेत. त्यांच्यापैकी निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता किती? वर्गात हा प्रश्न विचारला की उत्तरं येतात सहा टक्के, दहा टक्के. खरं उत्तर पन्नास टक्क्यांच्या किंचित वर आहे. कारण माणसं तेवीस असली तरी जोड्या २५३ होतात, आणि जुळायची असते ती जोडी. चाळीस जणांच्या वर्गात ही शक्यता ८९ टक्के होते, सत्तावन्न जणांच्या वऱ्हाडात ९९ टक्के. सरकारी कचेऱ्यांत ज्यांच्या तसबिरीला हार घालायचा त्यांची यादी दरवर्षी परिपत्रकाने येते. तीस नावांची यादी धरली तरी त्यात एखादी जोडी जुळण्याची शक्यता शंभरात सत्तर. २ ऑक्टोबरला गांधीजी आणि लालबहादूर शास्त्री आहेतच. जोडी निघालीच नसती, तर मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

ही शक्यतांची विद्या ज्यांनी उभी केली त्यांतला एक पिएर द फर्मा. १६५४ साली त्याने आणि पास्कालने जुगारातल्या एका कोड्यावर पत्रं लिहिली आणि त्यांतून संभाव्यतेचं गणित जन्माला आलं. हा फर्मा वारला १२ जानेवारी १६६५ रोजी. हे सांगितल्यावर भाची माझ्याकडे संशयाने बघायला लागली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

वर मी 'वाढदिवस सारखे पसरलेत असं धरलं तर' म्हणालो. आपल्याकडे हे धरणं किती धाडसाचं आहे, ते ज्याने शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर चाळलंय त्याला विचारा. मी जुनी रजिस्टरं पाहिली आहेत. शाईचं तपकिरी झालेलं अक्षर, आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. मध्येच एखादी १ जुलै. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराचा हात धरून यायचा आणि तारीख विचारली की सांगायचा, 'गेल्या दुष्काळाच्या आधीचा हाय.' गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन दुसऱ्या बाजूचा कान पकडायला लावायचे. बोटं कानाला पोचली की पोरगं शाळेच्या वयाचं झालं, आणि तारीख १ जून. त्या एका फटकाऱ्याने खेडोपाडीची एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला आली. माझे वडीलही त्यातलेच.

पुढे त्याचं पीक आलं ते ३१ मे रोजी. नोकरीचा नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे कित्येक वर्षं दर ३१ मेला कचेऱ्यांमध्ये नारळांची रास लागायची. वडिलांच्या निरोप समारंभात सत्कारमूर्ती इतके होते की शाली कमी पडल्या आणि शेवटच्या दोघांना टॉवेलवर भागवावं लागलं.

आईचा प्रकार याहून पुढचा. ती शाळेतच गेली नाही. तिला विचाराल तर सांगेल, "पोयाच्या करीले झाली मी. ढोरं घरी येत होते तवा." पोळ्याची कर म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, एवढं पक्कं. साल मात्र नाही. आधार कार्ड काढताना यंत्राला तिथी चालेना, तेव्हा अंदाजाने साल टाकलं आणि दिवस पडला १ जानेवारी. आता दर नव्या वर्षाच्या सकाळी बँक तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवते. आई मला मोबाइल दाखवून विचारते, कोणाचा रे वाढदिवस?

असो. १२ जानेवारीकडे येऊ, कारण क्रिकेटवेड्या माणसाला या तारखेत एक कोठार सापडतं आणि मी त्यातून सहज बाहेर पडत नसतो.

१२ जानेवारी १९६४, रविवार. मद्रासला भारत-इंग्लंड कसोटीचा तिसरा दिवस. गोलंदाज बापू नाडकर्णी, मूळ नाशिकचे, डावखुरे फिरकीपटू. समोर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. बापूंचा चेंडू पडतो, बॅट पुढे येते, चेंडू तिथेच मरतो. पुन्हा तेच. एक षटक निर्धाव, दुसरं निर्धाव, दहावं निर्धाव. असं करत सलग एकवीस षटकं निर्धाव गेली आणि मागच्या-पुढच्या षटकांतले धरून सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डावाअखेर त्यांचं पृथक्करण होतं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य.

पाच धावा आणि शून्य बळी. म्हणजे हे ना यश, ना अपयश. जाळ्यातल्या सरावात बापू खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे, ही गोष्ट मराठी घरांत तीन पिढ्या सांगितली गेली आहे. १३१ किती होतात ते बघा. आजच्या टी-ट्वेंटीत एका संघाचा अख्खा डाव १२० चेंडूंचा. म्हणजे वीसच्या वीस षटकं एकाच माणसाने टाकावीत, धावफलक शून्यावर राहावा आणि वर आणखी अकरा चेंडू उरावेत. षटकार पडला नाही की चॅनेल बदलणाऱ्या आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती विचारतील, मग लोक बघत काय होते? मला विचाराल तर तेच बघत होते. ३२ षटकं म्हणजे १९२ चेंडू. आणि त्याच कसोटीत भारताच्या पहिल्या डावात यष्टिरक्षक बुधी कुंदरनने केलेल्या धावा होत्या, १९२. एकाने जेवढ्या धावा ठोकल्या, बरोबर तेवढे चेंडू टाकून दुसऱ्याने फक्त पाच दिल्या. सामना अनिर्णित राहिला. मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. बापूंची कसोटी कारकीर्द ४१ सामन्यांची, ८८ बळींची, आणि षटकामागे दिलेल्या धावा सरासरी १.६७.

तो रविवार फक्त मद्रासला उजाडला नव्हता. त्याच पहाटे हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठाला, झांझिबारमध्ये, बंडखोरांनी पोलीस ठाण्यांवर चाल करून सुलतानाची राजवट उलथवली. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकून तिथे परतलेला एक पारशी मुलगा, फारोख बलसारा, त्या धामधुमीनंतर कुटुंबासोबत इंग्लंडला गेला आणि फ्रेडी मर्क्युरी झाला. आणि त्याच १२ जानेवारी १९६४ ला अमेरिकेतल्या अल्बुकर्की गावात जन्मलेलं एक मूल पुढे घरोघर खोकी पोचवून अब्जाधीश झालं. त्याचं नाव जेफ बेझोस. मेहकरच्या गल्लीतही आता त्याची खोकी येतात. एक राज्य गेलं, एक साम्राज्य पाळण्यात पडलं, आणि मद्रासला एक माणूस चेंडू टाकत राहिला, धाव न देता.

(राहुल द्रविडचा वाढदिवस ११ जानेवारी. कसोटीत त्याने ३१,२५८ चेंडू खेळले, जगात सर्वाधिक. अडवणाऱ्या फलंदाजांचा हा मेरुमणी न देणाऱ्या गोलंदाजाच्या दिवसापासून एका दिवसाने हुकला, याची मला उगाच चुटपुट आहे.)

बाकीचे झपाट्याने सांगतो. १८७६, जॅक लंडनचा जन्म. १९१८, पुणतांब्यात रामचंद्र चितळकर जन्मले, म्हणजे 'अलबेला' आणि 'अनारकली'चे संगीतकार सी. रामचंद्र. १९३४, चितगावच्या तुरुंगात मास्टरदा सूर्य सेन यांना फाशी. १९४४, मुष्टियोद्धा जो फ्रेझरचा जन्म. १९७६, अगाथा ख्रिस्ती गेल्या. १९९२, देवासला कुमार गंधर्व गेले. २००५, अमरीश पुरी गेले. आणि ज्यांना तारखेत पुण्याई असते असं वाटतं त्यांच्यासाठी १८९३ साल. त्या वर्षी १२ जानेवारीला हेर्मान गोरिंग जन्मला आणि त्याच दिवशी आल्फ्रेड रोझेनबर्गही. नाझी राजवटीतले दोन बडे, न्यूरेंबर्गला दोघांनाही देहान्ताची शिक्षा झाली. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे आपले विवेकानंद, तेव्हा तिशीत पोचले होते. शिकागोची सर्वधर्म परिषद त्याच वर्षी सप्टेंबरात भरायची होती.

भाची आता पुरती गुंतली होती. म्हणाली, "एका दिवसात एवढं मावतं?" 'एक दिवस' हे शब्द तिने सहज वापरले. पण १२ जानेवारी चोवीस तासांची नसते, पन्नास तासांची असते.

प्रशांत महासागरात किरिबाती नावाचं बेटांचं राष्ट्र आहे. त्याची पूर्वेकडची बेटं जगात सगळ्यांत आधी तारीख बदलतात. तिथे १२ जानेवारी लागते तेव्हा आपल्याकडे ११ तारखेची दुपार असते, साडेतीनची. सिंदखेडराजात मंडपाचे खांब ठोकणं चाललेलं असतं. तिथून ही तारीख पृथ्वीभर सरकत जाते आणि सगळ्यांत शेवटी मावळते ती बेकर बेटावर. तेव्हा आपण १३ तारखेच्या संध्याकाळी साडेपाचला, भोगीच्या भाजीसाठी वांगी घ्यायला बाजारात असतो. २०१० साली १२ जानेवारीला हैतीत भूकंप झाला. मृतांचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. तिथे तेव्हा पाचला सात मिनिटं कमी होती. बुलढाण्यात मात्र १३ तारखेची पहाट होती, तीन वाजून तेवीस मिनिटं. इतिहासाच्या यादीत तो भूकंप कायमचा १२ ला नोंदला गेला. आपण मात्र तो क्षण १३ ला जगलो, झोपेत.

हा झाला पृथ्वीच्या गोलाईचा खेळ. शतकांचा खेळ याहून भारी आहे.

जिजाऊंचा जन्म पौष पौर्णिमेचा, शके १५१९. ही तिथी मुळातली. तारीख तिच्यावरून नंतर काढली गेली, आणि काढताना वापरलं ते जुनं ज्युलियन कॅलेंडर. मराठेशाहीच्या तारखा बहुधा तशाच छापल्या जातात. त्या काळचे सुरतेचे इंग्रज तेच कॅलेंडर वापरायचे, आणि त्यांच्या देशाने ते सोडलं १७५२ साली. आज भिंतीवर टांगलेलं कॅलेंडर ग्रेगोरियन. १५९८ साली दोघांत दहा दिवसांचा फरक होता. मी चंद्राच्या गतीवरून मागे मोजत गेलो. २९.५३०५८९ दिवसांचा एक चांद्रमास, असे जवळपास पाच हजार. पौर्णिमा येते ती ज्युलियन १२ जानेवारी १५९८ लाच. वार गुरुवार. आजच्या कॅलेंडरने तोच दिवस २२ जानेवारी. शिवरायांची १९ फेब्रुवारी १६३० याच न्यायाने आजची १ मार्च होते.

आता फर्माची तारीख काढा. फ्रान्सने नवं कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं होतं, त्यामुळे तो वारला ती १२ जानेवारी १६६५ आजच्याच मापाची. त्याच सुमाराला महाबळेश्वरी सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवरायांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली. त्या दिवसाची तारीख आपल्या पुस्तकांत आहे ६ जानेवारी १६६५. कागदावर बघाल तर तुला आधी आणि फर्माचा मृत्यू सहा दिवसांनी. प्रत्यक्षात तुला झाली तो दिवस आजच्या मापाने १६ जानेवारी. म्हणजे फर्मा जाऊन चार दिवस झाले, तेव्हा इकडे तराजूच्या एका पारड्यात आऊसाहेब आणि दुसऱ्यात सोनं. सहा तारीख बारा तारखेच्या नंतर आली. भाचीने दोनदा मोजून पाहिलं.

विवेकानंदांचं वेगळं. १२ जानेवारी १८६३, सोमवार, कोलकाता. ही तारीख नव्या कॅलेंडरची आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. हो, संक्रांत तेव्हा बाराला यायची. सूर्य मकर राशीत जाण्याचं चक्र आपल्या कॅलेंडरच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं आहे. वर्षाला वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, चहाला लागतात तेवढी. पण बहात्तरेक वर्षांत त्यांचा एक दिवस होतो, म्हणून संक्रांत सरकत चौदा-पंधरावर आली आहे. जिजाऊ जन्मल्या तेव्हा संक्रांत होऊन पंधरवडा होत आला होता. नरेंद्र जन्मला तो ऐन संक्रांतीला. एकच तारीख, पण आकाशात सूर्य वेगवेगळ्या जागी. आणि तिथीने पाहिलं तर एक पौष पौर्णिमेचा, दुसरा पौष वद्य सप्तमीचा. या दोन तिथी कधीही एका दिवशी येऊ शकत नाहीत. आपण ज्याला योगायोग म्हणत होतो, तो चौकोन आखणाऱ्याने घडवला होता.

आमच्या जिल्ह्याला दोन्ही मापं चालतात. शेगाव तिथीने चालतं. गजानन महाराजांचा प्रकट दिन माघ वद्य सप्तमीला, मग इंग्रजी तारीख कोणतीही येवो. सिंदखेडराजाची गर्दी मात्र तारखेने लोटते. क्वचित दोन्ही मापं जुळतात. १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत फरक असतो जेमतेम दोन तासांचा. त्यामुळे एकदा जुळलेली तिथी-तारीख १९ वर्षांनी पुन्हा जवळ येते. १२ जानेवारी १९९८, जिजाऊंची चारशेवी जयंती, त्या दिवशी पौष पौर्णिमाच होती. १९ वर्षांनी, २०१७ साली, पुन्हा तेच. सिंदखेडराजात जिजाऊंच्या वडिलांच्या, लखुजीरावांच्या, वाड्यावर त्या दोन्ही रात्री पूर्ण चंद्र होता.

आयुष्यं मात्र कुठल्याही कॅलेंडरने मोजा, दिवस तेवढेच भरतात. विवेकानंद जगले १४,४१७ दिवस. जिजाऊ २७,९१५. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला आणि पाचाडला त्या गेल्या १७ जूनला. सत्तावीस हजार नऊशे पंधरा दिवसांतले, मुलगा छत्रपती झाल्यानंतरचे, अकरा.

हा आकडा मी वहीत लिहिला आणि बराच वेळ पुढे काही लिहिलं नाही.

या वर्षी बाराला आम्ही गेलो. बायको, भाची, आई आणि मी. सिंदखेडराजात गाडी गावाबाहेर लावून चालावं लागलं. भगवे फेटे, नऊवारीतल्या शाळकरी मुली, ढोल, पुस्तकांचे स्टॉल, झुणका-भाकर. वाड्याच्या दरवाजापुढे गर्दीत उभं असताना आईने काळ्या दगडावर हात ठेवला. थंडगार होता. हा दगड आपल्या पठाराचाच बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिलेला. त्याआधीच्या, सात कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्यावरच्या वाढीच्या रेषा शास्त्रज्ञांनी मोजल्या. त्यावरून निघालं की तेव्हा पृथ्वी जोरात फिरायची, दिवस साडेतेवीस तासांचा होता आणि वर्षात ३७२ दिवस मावायचे. तेव्हा कालनिर्णय असतं, तर त्याला सात चौकोन जास्त लागले असते.

दुपारून लोणार. काठावर वारा होता. खाली तळं, भोवती झाडी. विवराचा व्यास १.८ किलोमीटर. आकाशातून एक दगड आला आणि काही क्षणांत हे झालं. हे मीटरमध्ये मोजता येतं. पण कधी झालं? एका पद्धतीने ५२,००० वर्षांपूर्वी, दुसऱ्या पद्धतीने ५,७०,००० वर्षांपूर्वी. दहापटीहून जास्त अंतर. एक कोटी नव्वद लाख दिवस की वीस कोटी ऐंशी लाख दिवस, एवढंच अजून ठरायचं आहे.

भाचीने विचारलंच. "मामा, पण तारीख कोणती असेल?"

तिला मी दुसरा एक दगड सांगितला. २००५ साली १२ जानेवारीला अमेरिकेने 'डीप इम्पॅक्ट' नावाचं यान सोडलं. त्याने सुमारे ३७० किलोचा एक ठोकळा, बराचसा तांब्याचा, सेकंदाला दहा किलोमीटरहून अधिक वेगाने टेम्पल-१ या धूमकेतूवर आपटवला. त्याला खड्डा पडला. आत काय आहे ते बघण्यासाठी माणसाने मुद्दाम केलेलं हे एक धाकटं लोणार. त्याची तारीख मात्र मिनिटासकट माहीत आहे, ४ जुलै २००५, आपल्या घड्याळात सकाळचे अकरा बावीस. ४ जुलै म्हणजे विवेकानंदांची पुण्यतिथी. भाची हसायला लागली. "आणि मामा, यान सुटलं तेव्हा आपल्याकडे बारा होती की तेरा?" शिकवलेलं लागू पडलं होतं. आपल्याकडे मध्यरात्र उलटून सतरा मिनिटं झाली होती. तेरा.

आई काठावरच्या दगडावर बसून पिशवीतल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला आमचं निम्मं ऐकू येत नव्हतं.

घरी पोचायला रात्र झाली. बायकोने दाराआडच्या कालनिर्णयात सकाळचं राहिलेलं '१॥' लिहिलं. मग भाचीने तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्याच चौकोनात बारीक अक्षरात लिहायला लागली, 'सिंदखेडराजा, लोणार'. 'सिंदखेड' पर्यंत मावलं. उरलेलं तेराच्या चौकोनात गेलं.